धुऱ्याचा वाद आणि प्रभूचे मेज

यवतमाळ जिल्ह्यातील एका गावातून एका वाचकाने पाठवलेल्या दीर्घ पत्राचा सारांश असा: "वडील चार वर्षांपूर्वी वारले. नऊ एकर वावराची आम्हा दोघा भावांत घरच्या घरी वाटणी झाली. बहिणीने सही करून दिली, तिचा काही प्रश्न नाही. दोन वर्षांपूर्वी दादाने पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) दोन तासांएवढा (ओळींएवढा) धुरा (बांध) माझ्या बाजूने सरकवला. तो हे मान्य करीत नाही. विहीर माझ्या हिश्शात आहे, म्हणून मी त्याची पाण्याची पाळी बंद केली आणि त्याने पोलिसांत तक्रार दिली. आई एक महिना त्याच्याकडे आणि एक महिना माझ्याकडे जेवते. आम्ही दोघेही गावातल्या एकाच प्रार्थनाघरात जात होतो. आता तो तालुक्याच्या ठिकाणी दुसऱ्या मंडळीत (चर्चमध्ये) जातो. समेट होईपर्यंत मी प्रभुभोजन (प्रभूच्या मेजावरची भाकर आणि द्राक्षरस) घेऊ नये, असे आमच्या पाळकांनी (धर्मगुरूंनी) सांगितले आहे. मी धाकटा आहे आणि अन्याय माझ्यावर झाला आहे, मग मीच का जावे? आणि समेट झालाच नाही, तर मी देवाच्या कुटुंबाबाहेर समजला जाईन काय?"

प्रिय बंधू, सलाम.

आपला दुसरा प्रश्न मी आधी घेतो, कारण त्याचे उत्तर मनाशी पक्के झाल्यावाचून पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला पेलवणार नाही. आपण देवाच्या कुटुंबाबाहेर नाही. प्रेषित पौलाने इफिसच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, जे लोक पूर्वी परके आणि उपरे होते त्यांना तो "देवाच्या घरचे" म्हणतो, आणि हे नाते त्यांच्या सद्वर्तनावर नव्हे तर ख्रिस्ताच्या वधस्तंभावर उभे असल्याचे सांगतो. त्याच ठिकाणी तो यहूदी आणि विदेशी या दोन समाजांमधली आडभिंत पाडली गेल्याचे म्हणतो. ही भिंत त्याच्या वाचकांच्या डोळ्यांपुढची होती. यरुशलेमेच्या मंदिरात विदेशी लोकांना ठरावीक कठड्यापलीकडे जाण्यास बंदी होती आणि ओलांडणाऱ्याला मृत्यूची ताकीद देणारे शिलालेख तिथे लावलेले होते. त्यांपैकी एक ग्रीक शिलालेख १८७१ मध्ये सापडला आणि तो आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. पौलाला मंदिरात पकडले गेले तेही, त्याने त्रफिम नावाच्या एका इफिसकराला या हद्दीच्या आत नेले, अशा समजुतीने. म्हणजे ज्या हद्दीच्या नावाने पौल बंदिवासात गेला, तीच हद्द ख्रिस्तात उरलेली नाही, असे त्याने त्या माणसाच्या गावच्या मंडळीला कळवले. जे नाते इतकी किंमत देऊन जोडले गेले, ते वावराच्या धुऱ्यावरून तुटत नाही.

तथापि घरात असणे आणि घरच्या पंक्तीला बसणे यांत अंतर पडू शकते. लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राची गोष्ट आपण पुष्कळदा ऐकली असेल: आपला वाटा उडवून परतलेल्या धाकट्या मुलासाठी बाप मेजवानी देतो. तिच्यातल्या थोरल्या मुलाकडे मात्र उपदेशात फारसे कोणी वळत नाही. तो कधी घर सोडून गेला नव्हता, शेतात राबला होता, त्याची तक्रारही हिशेबाने पाहिली तर खोटी नव्हती, आणि तरी मेजवानी आत चालू असताना तो अंगणात उभा होता. त्याला कोणी बाहेर काढले नव्हते. बाप धाकट्यासाठी धावत गेला तसाच या थोरल्यासाठीही बाहेर आला आणि त्याची विनवणी करू लागला. तो आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेले नाही. आपली आजची स्थिती मला त्या अंगणातल्या मुलासारखी वाटते.

आता पाळकांच्या आदेशाविषयी. त्यांच्या मनात मत्तयाच्या पाचव्या अध्यायातील वचन असावे: वेदीपाशी अर्पण आणल्यावर आठवण झाली, तर अर्पण तिथेच ठेवून आधी भावाशी समेट करावा आणि मग येऊन अर्पण करावे. हे वचन आपण पुन्हा एकदा सावकाश वाचावे, अशी माझी विनंती आहे. "तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर" असे येशू तिथे म्हणत नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, याची आठवण झाली तर, असे तो म्हणतो. धुऱ्याची तक्रार आपली आहे, परंतु पाण्याची तक्रार दादांची आहे, आणि पाणी आपणच बंद केले हे आपण पत्रात आडपडदा न ठेवता लिहिले आहे. त्यामुळे अन्याय कोणावर अधिक झाला याचा निकाल काहीही लागो, या वचनाप्रमाणे उठून जाण्याची पाळी आपली ठरते. हे शब्द गालीलातल्या डोंगरावर उच्चारले गेले आणि वेदी यरुशलेमेत होती. ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने तो अर्पण टाकून कित्येक दिवस उलट चालत जाण्याचा आदेश होता. आपल्या दादांचे घर त्या मानाने फार जवळ आहे.

परंतु त्याच वचनात परत येऊन अर्पण करण्याचीही आज्ञा आहे, आणि ती पाळकांनी विसरू नये. करिंथच्या मंडळीत काही जण आधीच जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, म्हणून पौल कठोर बोलला. तरीही त्याने सांगितले ते असे की, प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी. आपण प्रामाणिकपणे जाऊन आलात आणि तरीही दादांनी दार उघडले नाही, तर आपल्याला अनिश्चित काळ मेजापासून दूर ठेवणे मला योग्य वाटत नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात, साधेल तितके आणि आपल्याकडून होईल तितके सर्वांशी शांततेने राहावे, असे म्हटले आहे. दुसऱ्याच्या वाट्याची शांतता आपल्या खात्यावर मागितलेली नाही. हे आपण पाळकांना आदराने सांगावे. त्यांचा अधिकार मी डावलत नाही, पण ज्यांनी मेज बंद केले त्यांनी समेटासाठी पायपीटही केली पाहिजे, एवढे मी म्हणेन.

"मीच का जावे" याला आपण दोन कारणे दिली आहेत: आपण धाकटे आहात, आणि अन्याय आपल्यावर झाला आहे. याकोब आणि एसाव यांची कथा या दोन्ही कारणांना एकाच वेळी उत्तर देते. तिथे धाकटा याकोब अपराधी होता. आंधळ्या बापाला फसवून त्याने थोरल्याचा आशीर्वाद घेतला होता. अन्याय झालेला एसाव थोरला होता. वीस वर्षे याकोब मामा लाबानाकडे चाकरी करीत राहिला, आणि परतताना त्याला कळले की एसाव चारशे माणसे घेऊन सामोरा येत आहे. त्या रात्रीची त्याची धास्ती उत्पत्तीच्या बत्तिसाव्या अध्यायात उघडी पडलेली आहे: मेंढरे, शेळ्या, उंट, गाई, गाढवे अशी साडेपाचशेहून अधिक जनावरे त्याने कळपाकळपांनी पुढे धाडली, कुटुंबाचे दोन भाग केले, आणि पहाटेपर्यंत यब्बोक नदीच्या काठी एका अनोळखी पुरुषाशी झुंज देऊन तो लंगडत उठला. मग मात्र तो बायकामुलांच्या पुढे झाला आणि भावाजवळ पोचेपर्यंत सात वेळा जमिनीपर्यंत लवला. ज्याने अन्याय केला तो चालत आला आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो धावत आला. गळ्यात पडून दोघेही रडले. आधी कोणी निघायला हवे होते, याचा हिशेब त्या पानावर शोधूनही सापडत नाही. आपण स्वतःला एसाव समजत असाल तर धावावे लागेल, आणि याकोब समजत असाल तर लवावे लागेल. पाण्याचा विचार करता आपल्यात थोडे दोघेही आहेत, असे मला वाटते.

या कथेचा शेवट आपल्या कामाचा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. आपल्याकडे भावांचा समेट म्हटला की चूल एक करण्याची घाई होते. गावचे चार प्रतिष्ठित जमतात, दोघांना एकमेकांना पेढा भरवायला लावतात, कोणीतरी मोबाईलवर फोटो काढतो, आणि पुढच्या डवरणीला पुन्हा तेच भांडण उभे राहते. याकोब आणि एसाव यांनी तसे केले नाही. एसाव सेईरकडे परतला. याकोब मागून येतो म्हणाला खरा, पण तो सुक्कोथला जाऊन राहिला, आणि पवित्र शास्त्राने त्याची ही टाळाटाळ लपवलेली नाही. पुढे तर दोघांची मालमत्ता इतकी वाढली की एका मुलखात ती मावेना. ते वेगळे राहिले, आणि इसहाक मरण पावला तेव्हा एसाव आणि याकोब या दोघांनी मिळून बापाला मूठमाती दिली. अब्राम आणि लोट यांचेही असेच झाले. गुराख्यांची भांडणे वाढली तेव्हा अब्रामाने, वडीलकीचा मान त्याचा असताना, जमीन निवडण्याची संधी पुतण्याला दिली आणि नाते राखण्यासाठीच तो वेगळा झाला. आणि पुढे लोट शत्रूच्या हाती सापडला तेव्हा घरचे तीनशे अठरा लोक घेऊन अब्राम त्याच्या सुटकेला धावला. वेगळे राहणे हे पाप नाही. दादा संकटात असताना आपली विहीर बंद राहणे ही मात्र गंभीर गोष्ट आहे.

योसेफाची कथा मी थोडक्यात घेतो, कारण ती सांगताना पुष्कळ जण क्षमा आणि विश्वास यांची गल्लत करतात. योसेफाने भावांना मिठी मारली ती त्यांची पारख केल्यानंतर. योसेफाला वीस रुप्यांना विकण्याची कल्पना ज्या यहूदाने मांडली होती, तोच भाऊ यहूदा सर्वांत धाकट्या बन्यामिनाच्या जागी गुलाम व्हायला पुढे आला, तेव्हा योसेफाला अश्रू आवरले नाहीत. आणि एवढे होऊनही, त्यांचा बाप याकोब मिसरात सतरा वर्षे राहून मरण पावल्यावर भावांच्या मनात जुनी भीती पुन्हा जागी झाली की आता हा सूड घेईल. आपल्या घरीही समेटानंतर संशय डोके वर काढील. तो आला म्हणजे समेट खोटा होता, असे समजू नये.

धुऱ्याचा प्रश्न मात्र प्रार्थनेने सुटेल, अशी अपेक्षा धरू नका. एका माणसाने येशूला विनवले की, माझ्या भावाला वतनाची वाटणी करून द्यायला सांगा. तेव्हा येशूने त्याला विचारले की, मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमले? लोभाविषयी तो बोलला, वाटणी त्याने केली नाही. धुरा कुठे असावा हे मोजणीने ठरते. तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयात मोजणीचा अर्ज करता येतो. विश्वासणाऱ्यांनी एकमेकांना न्यायालयात खेचू नये, असे करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात आहे, त्याचा आधार घेऊन काही जण मोजणीलाही विरोध करतात. तो मला पटत नाही, कारण दोघांनी मिळून हद्द ठरवून घेणे म्हणजे एकमेकांवर फिर्याद करणे नव्हे. विहिरीचेही कागद पाहावेत. वाटणीत विहीर सामाईक ठरली होती काय, आणि तशी नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत आहे काय, हे आपण पत्रात लिहिलेले नाही. तशी नोंद असेल, तर पाणी बंद करण्याचा अधिकार आपल्याला नव्हताच.

आता एक गोष्ट जी आपण विचारलेली नाही. बहिणीने सही करून दिली आणि तिचा काही प्रश्न नाही, या एका वाक्यावर मी बराच वेळ अडखळलो. ख्रिस्ती व्यक्ती मृत्युपत्र न करता मरण पावली तर सामान्यतः भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू होतो; त्यानुसार विधवेला एक तृतीयांश हिस्सा मिळतो आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांमुलींत सारखे वाटले जातात. म्हणजे वडिलांचे मृत्युपत्र नसेल, तर नऊ एकरांपैकी तीन एकर आईचे होते आणि मुलीचा वाटा मुलाइतकाच होता. आईने आणि बहिणीने आपखुशीने हक्क सोडला असेलही. आपल्या भागात माहेर तुटू नये म्हणून मुली सही करतात, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. ज्या आईचा तिसरा हिस्सा होता, तिने महिन्याच्या पाळीने गाठोडे घेऊन या घरातून त्या घरात जावे, हे मला बघवत नाही. सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून बापाच्या वतनात वाटा मागू लागल्या तेव्हा, त्यांचे म्हणणे रास्त आहे, असा निवाडा खुद्द परमेश्वराने दिला, हे गणनाच्या सत्ताविसाव्या अध्यायात लिहिलेले आहे. दोन भावांचा समेट तिसऱ्या भावंडाच्या वाट्यावर उभा राहणार असेल, तर त्याला देवाच्या कुटुंबातला समेट म्हणायला मी धजावणार नाही. बहिणीला एकदा बोलावून, सही आधीच झालेली आहे हे बाजूला ठेवून, तिला काय वाटते ते दोघांनी विचारावे. कागदाचे पुढे काय करता येईल, ते वकील सांगतील.

दादा दुसऱ्या मंडळीत जातात, याचे दुःख आपण करू नये. पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा यांच्यात सोबती योहान मार्काला बरोबर नेण्यावरून इतका तीव्र मतभेद झाला की ते वेगवेगळ्या वाटांनी गेले. तरी काही वर्षांनी पौलाने तुरुंगातून तीमथ्याला लिहिले की, मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. आपल्याच विदर्भात, नागपूरला, २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. त्यांत अर्भकाला बाप्तिस्मा देणारे होते आणि केवळ प्रौढांनाच देणारेही होते, आणि दोन्ही पद्धतींना जागा ठेवून ते एक झाले. वाटाघाटींत वर्षानुवर्षे असलेली एक मेथडिस्ट मंडळी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिली. तिच्यातले लोक त्यामुळे ख्रिस्ताचे नव्हेत, असे कोणी म्हटले नाही. दादांच्या पाळकांशी आपल्या पाळकांची ओळख असेल, तर ती या कामी उपयोगी पडेल.

जाण्याच्या बाबतीत माझे सांगणे असे. जाण्यापूर्वी पाणी सुरू करा; हरभऱ्याला आणि गव्हाला ओलिताची गरज असताना, कसलीही अट न घालता दादांची पाळी त्यांना द्या. याकोबाने कळप आधी पाठवले आणि स्वतः मागून गेला, तो क्रम शहाणपणाचा होता. मग एकटे जा. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात पहिली भेट दोघांतच व्हावी असे सांगितले आहे, आणि वहिनींसमोर किंवा मुलांसमोर दादांना मान खाली घालावी लागली तर ते बोलणारच नाहीत. आईला निरोप्या करू नका. तिने दोन्ही घरचे पुष्कळ बोलणे आधीच पोटात घातले असेल. त्या दिवशी धुऱ्याचा विषय काढू नका आणि तक्रार मागे घेण्याची मागणीही करू नका. पाणी बंद केले ते चुकले, एवढेच बोला आणि ते काय म्हणतात ते ऐकून घ्या. ते रागाने बोलतील, कदाचित बसाही म्हणणार नाहीत. तसे झाले तर काही दिवसांनी दोन्ही मंडळ्यांतून एकेक जाणता माणूस बरोबर घेऊन पुन्हा जा. फिलिप्पैच्या मंडळीतील युवदीया आणि सुंतुखे या दोन कष्टाळू बहिणींत बिनसले होते, तेव्हा पौलाने त्या दोघींना विनवले आणि एका सहकाऱ्यालाही त्यांना साहाय्य करायला सांगितले. मध्यस्थ घेण्यात कमीपणा नाही. मात्र तो मध्यस्थ आपल्या बाजूचा नसावा.

दादांनी दुसऱ्या वेळीही नकार दिला, तरी पाण्याची पाळी बंद करू नका. आपण परत जाऊन प्रभूच्या मेजाशी बसा. पाळकांना हे पत्र दाखवायचे असेल तर जरूर दाखवा.

मोजणीसाठी उलंगवाडीनंतरचा काळ बरा, कारण पऱ्हाटी निघून वावर मोकळे झालेले असते आणि खुणा नीट दिसतात. शक्य असेल तर अर्ज दोघांच्या सह्यांनी करा आणि फी निम्मी निम्मी भरा. दादा सही करायला तयार नसतील, तर आपण एकट्यानेही अर्ज करू शकता. मग लगतचे शेतकरी म्हणून त्यांना कार्यालयाची नोटीस जाईल. ती त्यांच्या हाती पडण्यापूर्वी, अर्ज का केला आणि मोजणीत धुरा दादांच्या म्हणण्याप्रमाणे निघाला तर आपण तो मान्य करणार आहात, हे त्यांना स्वतः जाऊन सांगा.